मदत हवी आहे: 'एनएमई'च्या मुखपृष्ठांचं विश्लेषण

माध्यम अभ्यासाच्या प्रकल्पासाठी लंडनचं 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' ('एनएमई') घेतलंय. १९५२ पासूनचं हे संगीत-साप्ताहिक सप्टेंबर २०१५ मध्ये मोफत झालं, स्टेशनांवर आणि विद्यापीठांत वाटलं जाऊ लागलं; मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक अंक बंद झाला. मोफत झाल्यावरच्या पहिल्याच अंकावर पॉप गायिका रिहाना! गिटारवाल्या तरुणांचं साप्ताहिक अशी ओळख असलेल्याने हे करावं, हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

रंग, अक्षरवळण, मथळे नोंदवून झालेत. मुखपृष्ठांवरच्या स्त्रियाही मोजल्या, पण नुसत्या आकड्यांतून चित्रण कळत नाही. आतली पानं मिळालेली नाहीत, वाचक-सर्वेक्षण शक्य नाही.

नजर, देहबोली, कपडे, मथळ्यातली भाषा यांपैकी कोणते निकष धरले, तर विकतच्या आणि मोफत अंकांची तुलना ठाम होईल? आणि फक्त मुखपृष्ठावरून वाचकवर्गाबद्दल कितपत बोलता येतं?