इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, सगळे एकाच मजल्यावर: तुमचे अनुभव सांगा

लेकीला अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात इंजिनिअरिंगसाठी प्रवेश मिळालाय. हॉस्टेलचा फॉर्म भरताना ती ‘हायपेशिया’पाशी अडली आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगच्या मुली एकत्र राहतात, सोबत वरच्या वर्गातल्या मार्गदर्शक मुली असतात आणि एक जादा तासही असतो. २००१ पासून हे चालू आहे. मुलांसाठी ‘गॅलिलिओ’ २००५ मध्ये सुरू झालं. लेक म्हणते, “आई, दिवसभर इंजिनिअरिंग आणि रात्रीही तेच?”

माझं मन मात्र तिकडे ओढतंय. मी पहिलं वर्ष पुण्यात कॉट बेसिसवर काढलं. खोलीत एक बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी, एक नोकरीवाली. दोघी जिवाला जीव देणाऱ्या होत्या, पण रात्री गणित अडलं तर विचारायचं कोणाला? एम-वनची, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरची केटी लागली (नापास होऊन तो विषय मागे राहिला) आणि ते मी घरी चार महिने सांगितलं नाही. म्हणून विचारते, जे असे एकत्र राहिले त्यांनी खरंखुरं लिहा.

मूळची नाशिककर, आता रिचमंडला

ताई, मी हायपेशियात होते. बारावी नाशिकला करून गेले होते, त्यामुळे कॅल्क्युलसची गणितं मला धडाधड सुटायची. शेजारच्या खोलीतली मुलगी डोंगराळ भागातल्या लहान शाळेतून आलेली, तिच्या शाळेत कॅल्क्युलस नव्हतंच. रविवारी रात्री आम्ही मजल्यावरच्या अभ्यासिकेत फळ्यापुढे बसायचो. ती प्रत्येक पायरीला “असं का?” विचारायची, आणि मला कळायचं की मला उत्तर येतं, कारण येत नाही. त्या वर्षी मी गणित खऱ्या अर्थाने शिकले ते तिला सांगताना.

दुसरी गोष्ट शाखेची. तिथे पहिलं वर्ष सगळ्यांना सामायिक असतं, शाखा नंतर ठरते. घरून ‘कॉम्प्युटरच घे’ असं ठरवूनच पाठवलं होतं. आमची मार्गदर्शक सिव्हिलची होती. ती मला एकदा प्रयोगशाळेत घेऊन गेली. काँक्रीटचा सिलिंडर यंत्रात हळूहळू दाबत नेतात आणि एका क्षणी तो मोठा आवाज करून फुटतो. ती चार-पाच मिनिटं मी श्वास रोखून उभी होते. आज मी पुलांचं काम करते. त्या मुलीची खोली माझ्यापासून दहा पावलांवर नसती, तर मी कॉम्प्युटरच घेतलं असतं.

सांगलीकर

आमच्या वेळी असं मुद्दाम कोणी आखलेलं नव्हतं. एका खोलीत चौघं, आणि पूर्ण मजला फर्स्ट इयरचा. ड्रॉइंगची सबमिशन आली की खिडकीची काच काढायची, खाली बल्ब लावायचा आणि एकाच्या शीटवरून सगळ्यांनी जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची. आटपाडीकडचा एक मित्र मात्र जीटी मारायचा नाही. एका रात्री त्याने अंगाच्या साबणाची वडी घेतली, ब्लेडने तिरकी कापली आणि म्हणाला, “आता ह्या कापलेल्या बाजूकडं सरळ बघ, काय दिसतं?” सेक्शन ऑफ सॉलिड्स, म्हणजे घन वस्तू कापली की कापलेला भाग कसा दिसतो ते, मला त्या साबणावर समजलं. पुढे महिनाभर आमच्या मजल्यावर एकही वडी धड नव्हती.

पुढे यूजीसीच्या २००९ च्या नियमांत नव्या मुलांना शक्यतो हॉस्टेलच्या वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असं आलं, ते रॅगिंग थांबावं म्हणून. ते हवंच होतं. पण मुलं एकत्र आहेतच, तर त्यांच्यासोबत एखादा समजूतदार सीनियर आणि रात्री उघडी राहणारी एक अभ्यासिका का देऊ नये? खर्च फारसा नाही. मला ही गोष्ट फार लागून राहिली आहे.

मिडवेस्टमधून

माझा अनुभव वेगळा आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. माहितीपत्रकात सगळं होतं. प्रत्यक्षात दारावर पाटी आणि वर्षभरात मेंटॉरच्या दोन भेटी. त्याहून त्रास मार्कांचा झाला. मिडटर्मचा निकाल लागला की जेवताना, दात घासताना, लिफ्टमध्ये तोच विषय. माझा फिजिक्सचा पेपर वाईट गेला होता आणि तोंड लपवायला जागा नव्हती. दुसऱ्या सत्रात मी मजला बदलला. तिथे संगीत शिकणारी एक मुलगी शेजारी आली आणि मला पुन्हा झोप लागायला लागली.

ताई, लेकीला फॉर्मआधी तीन गोष्टी विचारायला सांगा: मेंटॉर तिथेच राहतात का, एकत्र तास कुठले, आणि वर्षाच्या मध्ये मजला बदलता येतो का.

पवईचा माजी मेंटॉर

आयआयटी मुंबईत आमच्याकडे प्रत्येक सीनियरला साधारण डझनभर फ्रेशर्स सोपवलेले असायचे. त्यातला एक मराठवाड्यातला, मराठी माध्यमाचा. तो मेसमध्ये दिसेनासा झाला, म्हणून मी दार ठोठावलं. पुस्तकं उघडी, डोळे सुजलेले. विषय त्याला येत होता, लेक्चरचं इंग्रजी पकडता येत नव्हतं. मी काही थोर केलं नाही. विंगमधल्या दोघा मराठी मुलांना सांगितलं की जेवणानंतर त्या दिवसाचं लेक्चर मराठीत बोलून बघा. तिघं गच्चीत बसायचे. दिवाळीपर्यंत बाकीचे ह्याच्याकडे शंका विचारायला यायला लागले. घर सोडून आलेलं पोर गप्प झालं, तर ते कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. एवढं झालं तरी मला पुरे वाटतं.

धागाकर्ती

सगळं लेकीला वाचून दाखवलं. काँक्रीटचा किस्सा तिने दोनदा वाचायला लावला. मिडवेस्टच्या ताईंचे तिन्ही प्रश्न ती आत्ता ऑफिसला मेलमध्ये लिहितेय. एम-वनच्या केटीचं तिला आजच पहिल्यांदा कळलं. ती काही बोलली नाही, नुसती येऊन शेजारी बसली. उत्तर आलं की इथेच कळवते.