फाइलीतल्या आकड्याचा आकार कंपाइलरनं का ठरवावा?

काटेवाला_कळमना
नागपुरातल्या कळमन्याच्या एका धरमकाट्याच्या (ट्रक तोलायच्या काट्याच्या) जुन्या पावत्या नव्या लिनक्स मशीनवर आणायला बसलो होतो. प्रोग्राम टर्बो सीचा, म्हणजे सी भाषेच्या जुन्या कंपाइलरचा (कोडचं यंत्राला चालेल असं रूप करणाऱ्या प्रोग्रामचा). पावती क्रमांक इंट (साधा पूर्णांक), वजन लाँग (मोठा पूर्णांक), दर फ्लोट (दशांशाचा आकडा), आणि तिन्हींचा अख्खा गठ्ठा, म्हणजे स्ट्रक्ट, एफराइटनं मेमरीतून जसाच्या तसा फाइलीत ओतलेला. वजनाला लाँग घेणारा जाणता होता: दोन बाइटांचा इंट ३२,७६७ वर संपतो, भरलेला ट्रक त्याच्या वर सहज जातो. तोच कोड लिनक्सवरच्या जीसीसी कंपाइलरवर चढवला, एकही एरर नाही. पहिल्या पावतीचा क्रमांक आला ५५,३७,७९,२०१!

कागदावर बाइट मांडले तेव्हा उलगडलं. टर्बो सीचं रेकॉर्ड २+४+४, म्हणजे १० बाइट. ६४ बिटी लिनक्सवर जीसीसीत इंट ४, लाँग ८, फ्लोट ४, वर दोन ठिकाणी चार-चार बाइटांची पोकळी (आकडे सोयीच्या जागी बसवायला कंपाइलरनं सोडलेली रिकामी जागा), झाले २४. पावती क्रमांक १ आणि तिचं ८,४५० किलो वजन एकाच इंटमध्ये शिरलं होतं.

माझं मत ठाम आहे: रुंदी, बाइटांचा क्रम, जागा, तिन्ही आपण ठरवायचं. स्ट्रक्ट थेट डिस्कवर ओतणं बंद करा.

हिंगणा_रोड
भाऊ, टर्बो सीचं मढं काहून उकरून राह्यले? आता इंट चार बाइटांचाच असते, इंटेलचा प्रोसेसर काय न् एआरएमचा काय, लिटल एंडियनच (धाकटा बाइट आधी) चालून राह्यलं. कंपाइलरले प्रॅग्मा पॅकची सूचना लावा, पोकळी गेली. एकेक बाइट हातानं मांडाचा वेळ गिऱ्हाईक देत नाही.

काटेवाला_कळमना
पॅकनं पोकळी जाते, रुंदी तशीच राहते. ६४ बिटी विंडोजवर लाँग आजही ४ बाइट, लिनक्सवर ८, आणि प्रोसेसर तोच! साधा कॅर, म्हणजे एका बाइटाचा आकडा, घ्या: इंटेलवर जीसीसी त्याला चिन्हासह धरतो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना. इकडे उणे ५ लिहिले की तिकडे २५१ वाचले जातात. नेमक्या ३२ बिटांचा पूर्णांक, इंट३२_टी, १९९९ च्या सी प्रमाणापासून आहे, तो वापरायला किती वेळ लागतो, भाऊ?

धरमपेठकर
मुळात बायनरी हवीच कशाला? मजकुरात लिहा, स्वल्पविराम टाका. उद्या आडत्याचा पोरगाही नोटपॅडमध्ये उघडून वजन वाचेल.

जुनी_शुक्रवारी
मजकुरानं मला फसवलंय. काळ्या मातीतून पाणी झिरपण्याचा वेग नोंदवत होतो, सेकंदाला ०.०००००००४५ मीटर. सीमधला छपाईचा साचा टक्के-एफ दशांशानंतर सहाच अंक छापतो; फाइलभर शून्यं. तीन आठवड्यांच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या. डबल (फ्लोटहून बारीक दशांश आकडा) तंतोतंत परत हवा तर १७ सार्थ अंक लिहावे लागतात, हे किती जणांना ठाऊक असतं? असे आकडे बाइटांत मांडायचं प्रमाण, आयईईई ७५४, १९८५ चं आहे. त्याचे आठ बाइट ठरलेल्या क्रमानं लिहा.

धरमपेठकर
१७ अंक मान्य, चूक छापण्याची होती. पण काट्याचे किलो पूर्णांक आहेत, तिथं मी मजकूर सोडणार नाही. वीस वर्षांनी फाइल राहील, तुमचा बाइटांचा तक्ता कुणाकडे असेल?

काटेवाला_कळमना
हा मुद्दा खरा आहे. तक्ता फाइलीच्या डोक्यावरच साध्या मजकुरात लिहितो, आकडे त्याखाली. जुनी फाइल आता दहा-दहा बाइटांनी वाचतोय, प्रत्येक आकडा बाइट सरकवून जोडतोय. पहिली पावती नीट आली: क्रमांक १, वजन ८,४५०. बाकीच्या आज रात्री लावतो.