चुनखडीच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय शेती करताना कॅल्शियम वेगळे द्यावे का?

प्रश्न – औसा शिवार

नमस्कार. औसा तालुक्यात माझी साडेचार एकर काळी जमीन असून गेली तीन वर्षे रासायनिक खते पूर्णपणे बंद करून मी शेणखत, गांडूळखत आणि जीवामृत (शेण-गोमूत्राचे आंबवलेले द्रावण) यांवरच पिके घेत आहे. यंदा पाऊण एकरावर ठिबकवर टोमॅटो लावला. दुसऱ्या तोड्यापासून एक गोष्ट सारखी दिसू लागली आहे. फळ लिंबाएवढे झाले की त्याच्या खालच्या टोकाला आधी पाणी मुरल्यासारखा डाग पडतो, चार-पाच दिवसांत तो तपकिरी होऊन आत बसतो आणि शेवटी चामड्यासारखा काळा पडतो. देठाकडची बाजू मात्र शेवटपर्यंत चांगली राहते.

गावातल्या दुकानात फळ दाखवले तेव्हा ही कॅल्शियमची कमतरता असल्याचे सांगून एकरी दोन क्विंटल चुना टाकण्याचा सल्ला मिळाला. शेजारचे काका अंड्यांची टरफले कुटून टाका म्हणतात. माझ्या माती परीक्षणाच्या अहवालात सामू (pH) 8.3, विद्युत वाहकता 0.38, मुक्त चुनखडी 10 टक्के आणि सेंद्रिय कर्ब 0.44 टक्के असे आकडे आले आहेत. याच रानात पुढे उन्हाळी भुईमूग घ्यायचा आहे. चुना टाकावा का, आणि टाकायचा नसेल तर सेंद्रिय पद्धतीत कॅल्शियम कशातून द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – काळी माती, परभणी

चुना अजिबात टाकू नका, आणि आणला असेल तर तो घराच्या भिंतींसाठी ठेवा. आपला अहवालच या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो. एक एकर रानाच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 8 लाख किलो माती असते. तिच्यात 10 टक्के मुक्त चुनखडी म्हणजे 80 टन चुनखडी आपल्या एकरात आधीपासूनच पडलेली आहे. त्यात दोन क्विंटल टाकणे म्हणजे आहे त्याच्या चारशेव्या भागाची भर घालणे होय. विश्वास बसत नसेल तर नांगरटीत वर आलेले पांढरे खडे असलेले एक ढेकूळ घ्या, फोडा आणि त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊन कानाजवळ धरल्यावर चरचर ऐकू येईल. ती चुनखडी आहे आणि तिच्या वजनाचा 40 टक्के भाग कॅल्शियम असतो.

चुना टाकण्याचा सल्ला मुळात चुकीचा नाही, तो आपल्या जमिनीसाठी चुकीचा आहे. कोकणातल्या जांभ्या मातीतून मुसळधार पाऊस कॅल्शियम धुऊन नेतो, तिचा सामू आम्ल बाजूला जातो आणि तिथे चुन्याची खरी गरज असते. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली, कमी पावसाची आणि विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची आहे. भिंतीला लावायचा विरलेला चुना पाण्यात कालवला तर त्या निवळीचा सामू 12 च्या वर जातो. असा चुना मुळांशी पडला तर तीन वर्षे जीवामृत घालून जी सूक्ष्म जीवांची वस्ती आपण वाढवली, तिच्यावरच घाला पडेल. शिवाय चुनखड रानात लोह, जस्त आणि स्फुरद पिकाला मिळणे आधीच अवघड असते. पावसाळ्यात सोयाबीनची कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, ती बहुतेक वेळा याच कारणाने. चुना त्यात भरच घालील.

आता फळाचे टोक का सडते ते पाहू. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, आणि पाणी जिथून जास्त उडून जाते तिकडे, म्हणजे पानांकडे, ते जास्त जाते. एकदा पानात बसलेले कॅल्शियम तिथून निघून फळात येत नाही. फळातून बाष्प फार थोडे जाते, त्यामुळे त्याच्या वाट्याला मुळातच कमी येते, आणि देठापासून सर्वांत लांबचे टोक आधी उपाशी राहते. पाणी तुटले की हा पुरवठाही तुटतो. म्हणून माझा आपल्याला उलट प्रश्न आहे की, ठिबक आपण रोज ठरावीक वेळ चालवता की वीज येईल तसे? आणि गोमूत्र किंवा जीवामृत किती दिवसांनी सोडता? गोमूत्रातून अमोनियाच्या रूपातला नत्र जास्त गेला तर तो मुळाशी कॅल्शियमच्या शोषणाला अडवतो आणि पालाही माजवतो.

उत्तर – परसबाग, नांदेड

वरील मताचा आदर राखून सांगते की टरफलांचा अनुभव मला चांगला आला आहे. गच्चीवरील कुंड्यांमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत यांच्या मिश्रणात मी टरफलांची वस्त्रगाळ पूड घालते, आणि टोमॅटोला काळे टोक आता क्वचितच येते. कोकोपीटमध्ये स्वतःचे कॅल्शियम फार कमी असते, त्यामुळे कुंडीत ही पूड उपयोगी पडते असे मला वाटते. शेताबद्दल मी दावा करीत नाही.

उत्तर – काळी माती, परभणी

ताई, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे आणि कुंडी व रान यांतला फरक आपण नेमका सांगितला. टरफल म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच, एका टरफलातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम मिळते. जिप्सम हे कॅल्शियम आणि गंधक असलेले खनिज आहे; त्याच्या दोन क्विंटलमध्ये जे 46 किलो कॅल्शियम असते, तेवढे टरफलांतून द्यायचे तर एकराला 23 हजार टरफले लागतील, आणि 8.3 सामूच्या मातीत तीही चुनखडीच्या खड्यांसारखी वर्षानुवर्षे तशीच पडून राहतील. या सामूला कार्बोनेट विरघळतच नाही म्हटले तरी चालेल.

ते विरघळते कशाने, तर मुळांच्या श्वासातून आणि कुजणाऱ्या शेणखतातून निघणाऱ्या कर्बवायूने. तो ओलाव्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होते आणि तेच आम्ल चुनखडीतले कॅल्शियम मुळाला मोकळे करून देते. म्हणून आपल्याकडे कॅल्शियमचे सर्वांत मोठे खत शेणखतच आहे, असे मी मनापासून म्हणतो. 0.44 टक्के कर्ब कमी आहे, पैसा आणि कष्ट तिथे घाला.

बोअरचे पाणी देत असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. तापवायच्या हंड्याच्या आत आणि ड्रिपरच्या तोंडाशी जो पांढरा थर धरतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. म्हणजे प्रत्येक पाळीला कॅल्शियम रानात येतच आहे.

उत्तर – कालव्याखालचा शेतकरी

एका बाबतीत सावध करतो. माझी जमीन जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली आहे आणि तिथे कॅल्शियम खरोखर द्यावे लागले, पण कारण निराळे होते. सततच्या पाण्याने रानाचा काही भाग चोपण झाला होता. पाऊस पडला की पाणी चार-चार दिवस वर उभे राही, वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरी आणि औताला ढेकळे फुटत नसत. अहवालात सामू 8.9 होता. चुनखडीमुळे सामू साधारण 8.4 च्या आसपास अडतो, साडेआठच्या वर गेला तर सोडियमचा संशय घ्यावा आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण, तपासून घ्यावे. ते 15 टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण समजतात.

घरीही अंदाज येतो. हरभऱ्याएवढा वाळलेला मातीचा खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा शुद्ध पाण्यात अलगद सोडावा आणि हलवू नये. तो नुसता फुटून तुकडे खाली बसले तर चिंता नाही. पण खड्याभोवती दुधाळ ढग पसरून पाणी तासन्‌तास गढूळ राहिले, तर माती सोडियमने विस्कटलेली आहे.

अशा रानात जिप्सम काम करते. त्यातले कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेते आणि सुटलेले सोडियम पाण्याबरोबर खाली जाते. मात्र खाली जायला वाट हवी. पहिल्या वर्षी मी चर न काढताच जिप्सम टाकले आणि खर्च वाया गेला, कारण सुटलेले सोडियम तिथेच राहिले. पुढच्या वर्षी उताराला चर खणले, जिप्समनंतर धैंचा हे हिरवळीचे पीक पेरून फुलोऱ्याआधी गाडला, तेव्हा कुठे रान वापशाला येऊ लागले.

उत्तर – भुईमूग, कळंब

भुईमुगापुरते लिहितो. या पिकाची शेंग जमिनीत असल्यामुळे तिला मुळांवाटे वर गेलेले कॅल्शियम फारसे मिळत नाही, आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरणारे, शेंग धरणारे कोंब) आणि कोवळ्या शेंगा ते भोवतालच्या मातीतून थेट ओढतात. म्हणून जिप्सम आऱ्या सुटताना झाडाच्या बुडाशी, शेंगा धरतात त्याच थरात पडले पाहिजे. प्रचलित शिफारस हेक्टरी 400 किलोची असून त्यातील निम्मे पेरणीला आणि निम्मे आऱ्या सुटताना देतात. ते पाण्यात लिटरला सुमारे अडीच ग्रॅम विरघळते, त्यामुळे चुनखड रानातही आयत्या वेळी उपलब्ध होते, आणि त्यातील 18 टक्के गंधक तेलबियांना हवेच असते. आपल्या भागात दाणा भरण्यामागे या गंधकाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. मात्र वरचा दोन-तीन इंच थर कोरडा पडला तर कितीही जिप्सम असले तरी शेंगा पोचट राहतात.

जिप्सम खाणीतलेच घ्या. रासायनिक खताच्या कारखान्यात मागे राहणारे फॉस्फोजिप्सम स्वस्त मिळते, पण प्रमाणपत्र घेणार असाल तर आधी प्रमाणीकरण संस्थेकडून लेखी परवानगी घ्यावी. कॅल्शियम नायट्रेटची फवारणी सेंद्रियमध्ये चालत नाही.

औसा शिवार

सर्वांचे मनापासून आभार. पाण्याचा प्रश्न वाचला आणि चूक लक्षात आली. आमच्याकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात विंचू-काट्याच्या भीतीने मी तीन-तीन दिवस ठिबक सुरूच केले नाही आणि मग एका दिवसात चार तास चालवले. जीवामृतही फुलोऱ्यात दर चार दिवसांनी सोडत होतो. लिंबू पिळल्यावर ढेकूळ चरचरले, आणि ग्लासातला खडा फुटून खाली बसला, पाणी तासाभरानेही स्वच्छ होते. चुना परत केला आहे. काल दोन्ही बाजूंनी सोयाबीनच्या गुळीचे चार बोटे जाड आच्छादन पसरले आणि मोटारीला ऑटो स्टार्टर बसवला. डाग पडलेल्या फळांचे काय करावे?

काळी माती, परभणी

ती तोडून टाका, सडलेले टोक भरून येत नाही आणि तोवर झाड त्या फळांना उगाच पोसत राहते. जीवामृत पंधरा दिवसांवर आणा. फरक पडला की नाही हे आज झाडावर असलेल्या फळांवरून ठरवू नका. यापुढे जी फुले धरतील त्यांतल्या वीसेक घोसांना सुतळी बांधून ठेवा आणि त्यांची फळे लिंबाएवढी झाली की त्यांची टोके पाहून इथे कळवा.