चाकू घेऊन धावून येणारा आणि शर्टाखालचं पिस्तूल: २१ फूट पुरतात का?

प्रश्न

पिस्तूल उजव्या कमरेला, पट्ट्याच्या आतल्या होल्स्टरमध्ये. वर सैल शर्ट. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी आहे. जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं, की चाकूवाला २१ फुटांपलीकडे असेल तर वेळ मिळतो, आत असेल तर नाही. हा आकडा आला कुठून? शर्टाखालून पिस्तूल काढायचं असेल तरी तो लागू पडतो का? आणि चाकू दिसेपर्यंत माणूस अगदी अंगाशी येऊन ठेपला असेल, तर सुरुवात कशाने करायची?

प्रतिसाद १

आकडा डेनिस टुलर यांचा. ते अमेरिकेतल्या साल्ट लेक सिटीच्या पोलिस दलात होते; १९८३ साली त्यांनी याच विषयावर लेख लिहिला. सरावातल्या माणसाला पिस्तूल काढून ७ यार्डांवर, म्हणजे २१ फुटांवर, दोन गोळ्या निशाण्यावर लावायला साधारण दीड सेकंद लागतो. धावत तेवढं अंतर कापायलाही दीडच. म्हणजे २१ फुटांवर फक्त बरोबरी होते: तुमची गोळी आणि त्याचा चाकू एकाच वेळी पोचतात. याला सुरक्षित अंतर म्हणणं चूक आहे. उलट बाजूची चूकही तितकीच वाईट: २१ फुटांच्या आत चाकू दिसला म्हणून गोळी घालण्याचा हक्क मिळत नाही. तो अंगावर येतोय का, मध्ये काही आड आहे का, निघून जायला वाट आहे का, हे सगळं धरावं लागतं. टुलर यांनी नियम सांगितलाच नव्हता, तो नंतर लोकांनी केला.

तुमच्यापुरतं गणित करा. दीड सेकंदात २१ फूट, म्हणजे सेकंदाला १४ फूट. शर्टाखालून पहिली गोळी लागायला दोन सेकंद लागत असतील तर २८ फूट, अडीच लागत असतील तर ३५. टायमर लावा, दहा वेळा मोजा आणि त्यातला सगळ्यात वाईट वेळ धरा. टायमरच्या आवाजाची तुम्ही वाट बघत असता. रस्त्यावर आधी धोका ओळखावा लागतो, तो वेळ वेगळा.

आणि गोळी लागली म्हणजे माणूस थांबला असं नाही. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या १९८९ च्या टिपणात स्पष्ट आहे, की हृदय निकामी झालं तरी मेंदूत १० ते १५ सेकंद हालचाल करण्याइतका प्राणवायू उरतो. तेवढ्यात तो तुमच्यापर्यंत सहज येतो. म्हणून जागेवर उभं राहून पिस्तूल काढू नका. सरळ मागेही जाऊ नका. उलट्या पावलांनी चालणारा धावणाऱ्यापुढे कधीच टिकत नाही आणि टाच अडकून पडतो. तिरकं बाजूला सरा, मध्ये गाडी, टेबल, खांब, काहीही येऊ द्या. त्याला वळसा घालावा लागला की तुमचा सेकंद वाढला.

प्रतिसाद २

अंगाशी आलेल्या माणसासमोर आधी पिस्तूल काढू नका. उजवा हात शर्टाखाली गेला की तो अडकला, आणि तेवढ्यात दोन-तीन वार बसतात. खरा हल्ला हात उंचावून केलेल्या एका मोठ्या वारासारखा नसतो. एक हात तुमची कॉलर धरतो, दुसऱ्यातला चाकू पोटाकडे भराभर आत-बाहेर होतो.

आधी चाकूचा हात आवरा. नुसतं मनगट धरू नका, घामाने आणि रक्ताने ते निसटतं. दोन्ही हातांनी तो हात आपल्या छातीशी ओढा, एक पकड मनगटाजवळ, दुसरी कोपराच्या वर. आपली कोपरं बरगड्यांना लावून, डोकं त्याच्या खांद्यात खुपसून, अंगाच्या वजनाने त्याला भिंतीकडे रेटा. हातावर जखमा होतील, हे धरून चाला. त्याचा तोल गेला की ढकलून सुटा. सुटता येत नसेल आणि डाव्या काखेत त्याचा हात पक्का दाबला गेला असेल, तेव्हाच उजवा हात पिस्तुलाकडे.

पिस्तूल पुढे ताणू नका. मूठ बरगडीशी, अंगठ्याचं हाड छातीला टेकलेलं, पिस्तूल किंचित बाहेर कललेलं, नाहीतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, शर्टात अडकते. नळीचं तोंड त्याच्या अंगावर दाबलं तर स्लाइड जराशी मागे सरकते आणि गोळी उडतच नाही. बोटभर फट ठेवा. रिव्हॉल्व्हरला ही अडचण नाही, पण त्याचं सिलिंडर कुणी घट्ट धरलं तर ते फिरत नाही. चाप ओढण्याआधी स्वतःचा डावा हात नळीपुढे नाही ना, याची खात्री झालीच पाहिजे.

प्रश्नकर्ता

डावा हात अडकलेला असताना शर्ट उचलायचा कसा?

प्रतिसाद २

उजव्या हाताचा अंगठा शर्टाच्या कडेखाली घाला आणि अंगाला घासत पार बरगडीपर्यंत न्या. कापड खाली यायच्या आत हात पिस्तुलाच्या मुठीवर आला पाहिजे. नेहमी फसतं ते इथेच: कंबरेपर्यंतच उचललं तर तळवा आणि मूठ यांच्यात शर्टाची घडी सापडते आणि पिस्तूल अर्धवट निघतं. असं झालं तर झटापट न करता हात सोडून पुन्हा उचला. सराव रिकाम्या पिस्तुलावर: मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. जोडीदारासोबत झटापटीचा सराव मात्र प्लॅस्टिकच्या निळ्या पिस्तुलावर आणि रबरी चाकूवरच. चाकूच्या धारेला खडू लावा, म्हणजे किती वार लागले ते कपड्यांवर दिसतं.

प्रतिसाद ३

नंतरचंही लक्षात घ्या. वार अनेकदा बुक्क्यासारखा लागतो, कापल्याचं कळत नाही. धोका टळला, चाकू त्याच्या हातातून दूर गेला, की गोळीबार तिथेच थांबला पाहिजे. मग मदत बोलवा आणि तळवा मान, काखा, पोट, जांघा, मांड्यांच्या आतून फिरवून बघा, रक्त लागतंय का. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंचांवर टुर्निके (रक्त थांबवायला करकचून आवळायचा पट्टा), सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आवळा, दुखलं तरी सैल करू नका, वेळ लिहून ठेवा. जांघ, काख, मानेचं बूड इथे टुर्निके चालत नाही: जखमेत जाळीचं कापड खोलवर ठासा आणि दोन्ही हातांनी दाबून धरा, डोकावून बघायला उचलू नका. पोटातल्या जखमेत काही ठासायचं नाही. छातीवरची जखम लगेच तळव्याने झाका. रुतलेला चाकू काढू नका.