तामालेत (घाना) भाड्याचं घर घेताना काय तपासावं?

प्रश्न: घानाच्या उत्तर भागातल्या तामालेत दोघांना दोन वर्षं राहायचं आहे, डिसेंबरात पोचू. घर बघताना काय विचारावं?

उत्तर १: आधी पाणी, खोल्या नंतर. डिसेंबर म्हणजे कोरडा हंगाम, नळ सलग काही दिवस कोरडा राहू शकतो. म्हणून पॉलिटँक बघा. तिथे प्लास्टिकच्या टाकीला सगळे हेच म्हणतात. दोघांचे रोजचे 150 लिटर धरले, तर 1,000 लिटर जेमतेम आठवडाभर पुरतं. 2,000 ची असेल तर उत्तम.

झाकण उचलून आत बघाच. ते सैल असेल तर हरमॅटनची, म्हणजे सहाराकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याची, बारीक लाल धूळ आत जाते, तळाशी लगदा साचतो आणि डासांच्या अळ्याही होतात. नळाची तोटी तळाला चिकटून असेल तर तोच गाळ बादलीत येतो. ती चार बोटं वर हवी आणि गाळ काढायला खाली वेगळी तोटी. टँकर दारापर्यंत येतो का, हेही विचारून घ्या.

पिण्यासाठी 'प्युअर वॉटर'चे 500 मिलीचे पाऊच मिळतात. 30 पाऊचची गोणी, म्हणजे 15 लिटर. उन्हात रचून ठेवलेली गोणी घेऊ नका. पाऊचचा कोपरा दातांनी फाडायची पद्धत आहे, पण आधी तो धुवा.

उत्तर २: पैशांचं बोलतो. 1963 च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. मागतात मात्र सर्रास वर्षाचं, दोन वर्षांचं. कायदा माहीत आहे हे नम्रपणे सांगून घासाघीस करा. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. विजेचा प्रीपेड मीटर स्वतंत्र हवा. सामायिक असला की शेजाऱ्याचा फ्रिज तुमच्या पैशावर चालतो आणि भांडणं होतात.

व्होल्टेज 230 च आहे, पण सॉकेट बहुतेक चौकोनी तीन पिनांचे, तेव्हा ॲडॅप्टर न्या. वीज गेल्यावर फ्रिजचा प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटांनी लावा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायच्या आत तो सुरू झाला तर मोटर अडते आणि तापते.

उत्तर ३: पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी हवी, आणि प्रमाणपत्र जपून ठेवा. ते नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची चाचणी करा.

घरमालकाशी बोलताना आधी अभिवादन, मग काम. सकाळी 'दासिबा' म्हणा. पैसे उजव्या हातानेच द्या, डावा हात पुढे केला तर अपमान समजतात.

प्रश्नकर्ता: टाकी जमिनीवरच असेल तर?

उत्तर १: मग शॉवरला पंप लागतो. टाकी रिकामी असताना तो चालू राहिला तर सील जळतं, म्हणून पाणी संपताच पंप बंद करणारा फ्लोट स्विच आहे का बघा. नसेल तर करारावर सही करण्याआधी मालकाकडून बसवून घ्या.