गेम खेळताना मागचे स्पीकर गप्प का?

प्रश्न: दिवाणखान्यातला संगणक ऑप्टिकल केबलने रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरला) जोडला आहे. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटल चित्रपटांचा ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) आवाज व्यवस्थित येतो, मात्र गेम सुरू करताच मागचे स्पीकर गप्प होतात आणि रिसीव्हरच्या पट्टीवर ‘पीसीएम’ (असंकुचित डिजिटल ध्वनी) एवढेच उमटते. केबल बदलूनही फरक पडला नाही.

प्रतिसाद १: केबल निर्दोष आहे. ऑप्टिकल जोडणीतून पीसीएमच्या दोनच वाहिन्या (डावी आणि उजवी) जातात. चित्रपटाचा ध्वनी आधीच संकुचित असल्याने तो जसाच्या तसा पुढे जातो, पण गेमचा ध्वनी संगणक त्या क्षणी घडवत असतो, त्यामुळे साउंड कार्डात तो लगेच डॉल्बी डिजिटलमध्ये संकुचित करणारी ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’सारखी सोय नसेल तर तो स्टीरिओच राहतो.

प्रतिसाद २: त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय केबल रिसीव्हरला लावावी आणि तिथून टीव्हीकडे न्यावी, हे सरळ. तिच्यातून पीसीएमच्या आठ वाहिन्या जातात. विंडोजमध्ये रिसीव्हर निवडून ५.१ ठरवायला मात्र विसरू नये.

प्रश्नकर्ता: रिसीव्हर जुना आहे, त्याला एचडीएमआय नाही, मागे सहा वाहिन्यांचे आरसीए (अॅनालॉग ध्वनीचे गोल) इनपुट आहेत.

प्रतिसाद १: मग संगणकाच्या हिरव्या, काळ्या आणि नारिंगी जॅकमधून अनुक्रमे पुढचे, मागचे आणि मधला-सबवूफर अशा तीन केबली ओढाव्यात. मधला स्पीकर घुमू लागला, तर त्या केबलची रिसीव्हरकडची दोन टोके अदलाबदल करून पाहावीत.