जनआरोग्य योजनेतून स्टेंट टाकायचाय, रुग्णालय 'वरचे पैसे' मागतंय. काय करावं?

नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवी आहे.

वडील सांगली जिल्ह्यात गावी असतात. छातीत दुखायचं म्हणून अँजिओग्राफी केली, तर एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकावा लागेल. मिरजेत ज्या खासगी रुग्णालयात दाखवलं ते महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) यादीत आहे, हृदयरोगासाठीही आहे (कधीकधी रुग्णालयाचं नाव असतं पण नेमका तो विभाग नसतो, म्हणून आधी तेच पाहिलं). तरी काउंटरवर म्हणाले, "रेशनकार्ड चालेल, पण योजनेत साधा स्टेंट बसतो. चांगला हवा तर वरचे पैसे रोख भरा." रक्कम लेखी द्यायला मात्र तयार नाहीत.

माझ्या समजुतीप्रमाणे योजना पूर्ण कॅशलेस आहे. दाखल झाल्यापासून तपासण्या, औषधं, ऑपरेशन, जेवण सगळं पॅकेजमध्येच. स्टेंटच्या किमतींवर तर 2017 पासून केंद्राची कमाल मर्यादा आहे. मग हे वरचे पैसे कशाचे? पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, ही रुग्णालयांची तक्रार खरीही असेल. ती त्यांनी सरकारकडे मांडावी. करार करून योजनेत यायचं आणि तूट घाबरलेल्या नातेवाइकांकडून भरून काढायची, हे मला अजिबात मान्य नाही. विमा सरकारचा आणि खाट खासगी, ही व्यवस्था मला मनापासून पटते. सरकारी कॅथलॅबसाठी (जिथे स्टेंट टाकतात ती खोली) बाबा थांबू शकत नाहीत.

दुसरा गुंता याहून मोठा आहे. योजनेत उपचारांसाठी वर्षाचे 5 लाख अख्ख्या कुटुंबाला मिळून असतात. आमच्या रेशनकार्डावर मोठा भाऊ आहे आणि त्याचं डायलिसिस याच योजनेतून चालू आहे. बाबांचा खर्च त्यातूनच गेला तर वर्षअखेरीला त्याचं काय करायचं? 70 वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालंय, त्याला उत्पन्नाची अट नाही आणि त्यातले 5 लाख घरातल्या सत्तरीखालच्या इतरांत वाटले जात नाहीत. बाबांना 71 पूर्ण झालीत. पण आधारवर 68 दिसतं, कारण नोंदणीच्या वेळी जन्मवर्ष अंदाजाने धरून 1 जानेवारी तारीख टाकली गेली. आणि या कार्डासाठी वय आधारवरूनच धरतात. मराठी शाळेचा जुना दाखला आमच्याकडे आहे.

'वरचे पैसे' मागितल्यावर इथे कुणी तक्रार केली आहे का? आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) सांगावं की थेट योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 वर, फोन करावा? तक्रार केली तर पूर्वमंजुरीचे (उपचाराआधी योजनेकडून घ्यायची मंजुरी) कागद मुद्दाम रखडवतील, अशी आईला भीती वाटते. असं कुणाचं झालंय का?

शाळेच्या दाखल्यावर आधारची जन्मतारीख बदलून मिळाली असेल तर किती वेळ लागला तेही सांगा. ती दुरुस्ती एकदाच करता येते, त्यामुळे चुकीचा कागद जोडायचा नाहीये. आणि डॉक्टर फार थांबू नका म्हणतायत. अशा वेळी आत्ता रेशनकार्डावरच दाखल करावं का? सांगली-कोल्हापूरकडच्यांनी कृपया लिहा.